न्यायचे राहिलेले फोटो

अप्पांच्या स्टुडिओत काउंटरखाली बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. त्यावर कागद चिकटवून आजोबांनी शाईने लिहिलेलं, 'न्यायचे राहिलेले'. फोटो काढून घेतला, ॲडव्हान्स दिला, पावती खिशात घातली आणि माणूस पुन्हा फिरकलाच नाही, असे फोटो त्या डब्यात जायचे. आई दर दिवाळीच्या साफसफाईत विचारायची, "हे काय करायचंय साठवून?" अप्पांचं उत्तर ठरलेलं. "पैसे दिलेत त्यांनी. येतील."

पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं की मी तो डबा घेऊन बसायचे. साखरपुड्याचा एक जोडफोटो होता, ते लग्न पुढे मोडलं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईला नोकरी लागलेला एक मुलगा होता, गळ्यातला टाय आमच्याच स्टुडिओतला. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीतलं बारीक अक्षर असायचं. तारीख, बिल नंबर, नाव, किती कॉप्या सांगितल्या, किती नेल्या. काही नावांपुढे 'इ. आळी' लिहिलेलं असायचं. म्हणजे इस्राएल आळी.

अलिबागच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या इथले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर. बोलणं मराठी, मलिदा या त्यांच्या विधीच्या ताटात भिजवलेले गोड पोहे आणि ओलं खोबरं. १९४८ साली इस्राएल झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आळीतलं घरामागून घर तिकडे गेलं. जायच्या आधी अख्खं कुटुंब स्टुडिओत यायचं. पासपोर्टचे फोटो व्हायचेच, शिवाय एक मोठा ग्रुप. एक कॉपी जाणाऱ्यांची, एक मागे राहणाऱ्यांची, कधी तिसरी मुंबईतल्या कुणासाठी. ज्यू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी हेच येतं. नऊवारीतली आजी मधोमध खुर्चीवर, पायाशी मुलं, मागे आजोबांनी मुद्दाम रंगवून घेतलेला कमानीचा पडदा.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे मेरीलँडला गेले होते. त्याच्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही वॉशिंग्टनचं होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, संग्रहालय बघायला गेलो. तिथे लिफ्टने आधी वर नेतात आणि एकेक मजला उतरत खाली यायचं असतं. हिटलर सत्तेवर आला, पुस्तकं जाळली, दुकानांवर बहिष्कार, ज्यूंविरुद्धचे कायदे, असं काळाच्या क्रमाने बघत बघत आपण चालत असतो. मध्येच एका अरुंद पुलावर पाय पडला आणि मी थांबले. दोन्ही बाजूंना भिंतभर फोटो. पुलाच्या खाली फोटो, डोक्याच्या वर फोटो, वर वर थेट छतातून उजेड येतो तिथपर्यंत. तीन मजले उंचीचा फोटोंचा मनोरा आणि आपण त्याच्या पोटात उभे.

बाकी लोक काय बघत होते मला माहीत नाही. मी फोटोग्राफरची मुलगी, मी काम बघत होते. उजेड कुठून घेतलाय, ग्रुप कसा बसवलाय. कुणाला उभं केलंय, कुणाला खुर्ची दिलीय. लग्नाचे फोटो होते, शाळेच्या वर्गाचे होते, हौशी नाटकाच्या वेषातले होते. सायकली घेऊन निघालेली तरुण मुलं-मुली होती, बर्फावरची होती, नदीकाठी सहलीला गेलेली होती. छान कपडे, विंचरलेले केस, आणि तो चेहरा, जो माणूस फक्त फोटोसाठी करतो. हनुवटी किंचित वर, श्वास धरलेला. हा चेहरा मी शेकडो वेळा बघितलाय. काळं फडकं डोक्यावरून घेऊन अप्पा म्हणायचे, "हां, आता हलू नका," आणि समोरचं माणूस असंच व्हायचं. मुलाला म्हटलं, "अरे, हा तर आपलाच डबा आहे." त्याला काही कळलं नाही. तो धंदा बंद झाल्यावर जन्मलेला.

पुलावरच्या पाटीवर गावाचं नाव होतं. ज्यू लोक यिद्दिश भाषेत त्याला एयशिशोक म्हणत. आज ते लिथुआनियात आहे, व्हिल्निअसच्या दक्षिणेला, बेलारूसच्या सीमेजवळ, आणि तिथली भाषा त्याला एइशिश्केस म्हणते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडमध्ये होतं, तेव्हा एयशिश्की. एका छोट्या गावाला तीन भाषांतली तीन नावं. मधोमध बाजार, घोड्यांचा बाजार वेगळा, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि शेजारी धर्मग्रंथ वाचायला बसण्याच्या जागा. अशा गावाला यिद्दिशमध्ये श्टेटल म्हणतात. आपण तालुक्याचं गाव म्हणू.

या गावात यित्झाक उरी कात्झ आणि त्यांची बायको आल्ते यांचा फोटो स्टुडिओ होता. औषधांचं दुकानही त्यांचंच. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण डेव्हलपर नि हायपो यांचा वास माझ्या नाकात बसलेला आहे आणि रसायनं हाताळणारा माणूस फोटोकडे वळला, यात मला नवल वाटत नाही. नवऱ्याच्या मागे आल्तेने काम पुढे चालवलं. गावात बाकीचेही एक-दोन फोटोग्राफर होते. म्हणजे पुलावरून दिसणारे हे बरेचसे चेहरे एका बाईच्या कॅमेऱ्यासमोर बसलेले आहेत, याचा विचार करत मी पुढे निघाले.

खालच्या मजल्यावर युद्ध सुरू होतं. घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्त्या, येतात, मालगाडीचा डबा येतो, गोळ्या घालणाऱ्या तुकड्या येतात. आणि चालता चालता पुन्हा तोच मनोरा लागतो. आता आपण त्याच्या खालच्या भागात असतो. तेच फोटो. या वेळी पाटीवर काय घडलं ते लिहिलेलं असतं. ज्याने कुणी ही मांडणी केली त्याला माझा नमस्कार. आधी ओळख करून दिली, आणि ओळख झाल्यावर सांगितलं.

सोव्हिएत फौजा, लिथुआनियाचं राज्य, पुन्हा सोव्हिएत, असं दोन वर्षांत एयशिशोकने सगळं बघितलं. याच पट्ट्यातून, पोलंडच्या पूर्वेकडच्या भागातून, स्टालिनने लाखो माणसं गाड्यांत भरून सायबेरियाकडे धाडली. त्यांच्यातली काही हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, फिरत फिरत १९४३ साली आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली. कोल्हापूरची जुनी माणसं अजून त्यांच्याबद्दल बोलतात. नकाशावर हे दोन ठिपके जोडून बघायचं माझ्या आधी कधीच मनात आलं नव्हतं.

२२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन एयशिशोकमध्ये होते. तीन महिने छळ, सक्तीची कामं आणि लूट. मग २१ सप्टेंबर. ज्यूंच्या नव्या वर्षाच्या, रोश हशानाच्या आदली संध्याकाळ. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी घरात जे चालू असतं तेच तिथे चालू असणार. त्या दिवशी गावातल्या ज्यूंना घराबाहेर काढून सिनेगॉगमध्ये आणि शेजारच्या जागांत कोंडलं. वाल्किनिंकाय या जवळच्या गावचे ज्यूही तिथेच आणले. माणसावर माणूस, अन्न नाही, पाणी नाही. तिथून पुढे घोड्यांच्या बाजारात.

२५ सप्टेंबरला पुरुषांना गटागटाने जुन्या ज्यू दफनभूमीकडे नेलं. खड्डे तयार होते. कपडे उतरवायला लावले आणि काठावर उभं करून गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बायका आणि मुलं. त्यांचे खड्डे कॅथलिक दफनभूमीजवळ. हुकूम जर्मनांचे होते, बंदुका बहुतेक लिथुआनियन साहाय्यक दलाच्या माणसांच्या हातात होत्या. एका गावातले जवळजवळ सगळे ज्यू संपवायला दोन दिवस लागले. गॅस नाही, छावणी नाही, रेल्वे नाही. होलोकॉस्ट म्हटलं की आपल्याला आउश्विट्झची कमान आठवते, काटेरी तारा आठवतात, धुराडी आठवतात. पूर्वेकडच्या शेकडो गावांत असं काही नव्हतं. गावाच्या वेशीवरच, ओळखीच्या झाडांखाली मारलं. बापजाद्यांच्या थडग्यांशेजारी. ऐकू जाईल इतक्या अंतरावर बाकीचं गाव होतं.

त्या दिवशी दफनभूमीत रेब मिखालोव्स्की नावाचे एक शिक्षक होते आणि त्यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा, त्स्वी. बाप-लेक एकमेकांचा हात धरून काठावर उभे होते. त्स्वी आधीच्या गटांच्या वेळी लक्ष ठेवून होता, हुकूम आणि गोळ्या यांच्यामध्ये किती वेळ जातो त्याच्यावर. त्यांची पाळी आली तेव्हा गोळ्या सुटायच्या क्षणभर आधी तो खड्ड्यात पडला. वर माणसं पडत राहिली. आजूबाजूला शांत झाल्यावर रात्री तो वर आला, नागडा, रक्ताने माखलेला, थंडीत. दफनभूमीपलीकडे ख्रिस्ती वस्ती होती. ती घरं त्याच्या ओळखीची होती. त्याने दारं ठोठावली. दिवा वर करून बघायचे आणि म्हणायचे, ज्यू आहेस, जा, थडग्यात परत जा. शेवटी जंगलाच्या कडेला एका विधवेचं घर होतं, तीही त्याच्या ओळखीची होती. तिनेही त्याला हाकललं. तेव्हा तो तिला म्हणाला की मी येशू आहे, क्रुसावरून उतरून आलोय, हे रक्त बघ, मला आत घे. ती गुडघ्यांवर बसली. तिने त्याला आत घेतलं, धुतलं, जेवायला घातलं. तिथून तो जंगलात गेला आणि पुढे पार्टिझन, म्हणजे जर्मनांशी लपूनछपून लढणाऱ्या लोकांना मिळाला.

ही गोष्ट वाचल्यापासून माझं मन त्या दारांवरच अडकलं आहे. लहान गावात दार उघडणारा आणि दार ठोठावणारा एकमेकांना नावाने ओळखतात. दिवा वर केला म्हणजे चेहरा बघितला. कुणाचा मुलगा आहे ते कळलं. आणि मग दार लावलं. यावर मी काय बोलू? काठावर उभ्या असलेल्या जर्मन अधिकाऱ्याबद्दल मला प्रश्न पडत नाहीत, त्याला मी राक्षस म्हणून मोकळी होऊ शकते. दिवा घेऊन आलेल्या माणसाबद्दल मला तसं मोकळं होता येत नाही.

एक कागद आहे. १ डिसेंबर १९४१ ही त्याच्यावरची तारीख. कार्ल येगर या एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, अधिकाऱ्याने लिथुआनियातल्या त्याच्या तुकडीच्या कामाचा अहवाल वर पाठवला, त्याची एक प्रत वाचली. नऊ पानं. टंकलेखन स्वच्छ. ओळीओळीने: तारीख, गाव, पुरुष, बायका, मुलं, एकूण. पान संपलं की बेरीज, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर मागच्या पानावरची बेरीज पुढे आणलेली. अप्पांच्या वहीत असायची तशीच. 'मागील पानावरून.' एयशिशोकची एक ओळ आहे. तारीख २७ सप्टेंबर टाकलीय, वाचलेली माणसं २५ आणि २६ सांगतात. पुरुष ९८९. बायका १,६३६. मुलं ८२१. एकूण ३,४४६.

मी ती बेरीज करून बघितली. बरोबर आहे. बेरीज बरोबर आहे याचा मला इतका संताप आला की लॅपटॉप मिटवून उठले. अहवालाच्या अखेरची एकूण बेरीज १,३७,३४६ आहे, आणि त्यात येगर समाधानाने लिहितो की लिथुआनियातला ज्यूंचा प्रश्न सोडवण्याचं उद्दिष्ट त्याच्या तुकडीने गाठलं आहे, कामाला ठेवलेले मजूर ज्यू आणि त्यांची कुटुंबं तेवढी उरली आहेत. युद्धानंतर हा माणूस स्वतःच्याच नावाने जर्मनीत राहिला. १९५९ साली पकडला गेला आणि खटला उभा राहायच्या आधी कोठडीत त्याने गळफास घेतला. लिथुआनियातले नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू मारले गेले.

मुलं ८२१. अप्पांचा जन्म १९४१ चा. त्यातली सर्वांत लहान अप्पांच्याच वयाची.

एयशिशोकच्या त्या ओळीत नाव एकही नाही. त्या कागदाला नावांची गरजच नव्हती. ते काम करणाऱ्यांना एयशिशोकचा शेवट असा हवा होता, एका ओळीत, चार आकड्यांत. पुढची पिढी काही शोधायला गेली तर तिला तेवढंच मिळावं. आणि तसंच झालंही असतं. फोटोंनी ते होऊ दिलं नाही.

गावात हे फोटो शिल्लक राहिले असते असं मला वाटत नाही. घरं गेली, माणसं गेली, भिंतीवरच्या फ्रेमा कोण ठेवणार? ते वाचले कारण ते गावाबाहेर गेले होते. एयशिशोकची कितीतरी मुलं आधीच अमेरिकेला, पॅलेस्टाइनला आणि आणखी कुठे कुठे गेलेली होती. मागच्यांनी त्यांना फोटो पाठवले होते. नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र म्हणून स्वतःचा फोटो पाठवायची तिथे रीतच होती. भावाचं लग्न झालं, हा फोटो. बाळ झालं, हा फोटो. आई आता अशी दिसते, हा फोटो. पाठीवर चार ओळी. माणूस फोटो काढतो तो सहसा समोर नसलेल्या कुणासाठी. स्टुडिओत वाढल्याने हे मला माहीत होतं, पण त्याचं वजन मला त्या पुलावर कळलं. पाकिटात घालून दूरदेशी धाडलेली प्रत्येक कॉपी, पाठवणाऱ्याच्या मनात नसताना, वाचवून ठेवलेली कॉपी झाली.

ते गोळा केले ते याफा एलियाख यांनी. आल्ते आणि यित्झाक यांची ही नात. गोळीबाराच्या आधी तिच्या घरची माणसं निसटली, शेजारच्या रादुन गावच्या घेट्टोत गेली, तोही संपवला गेला तेव्हा पुन्हा निसटली आणि लपून राहिली. डुकरांच्या खुराड्याखाली खणलेल्या खड्ड्यातही ती मुलगी राहिली. कोरकुच नावाच्या पोलिश शेतकऱ्याने जिवावर उदार होऊन त्यांना आसरा दिला होता. या माणसाचं नाव लिहिताना बरं वाटतं. सगळी दारं बंद नव्हती.

१९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन गेले आणि हे कुटुंब एयशिशोकला, आपल्या घरी परतलं. ऑक्टोबरमध्ये एका रात्री पोलिश भूमिगत सैनिकांनी त्या घरावर हल्ला केला. त्यात याफाची आई आणि तान्हा भाऊ मारले गेले. त्या रात्री नेमकं काय घडलं, कुणाला मारायला आले होते, यावर आजही कडाडून वाद होतात. मुलीच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल मात्र वाद नाही. लपून लपून तीन वर्षं काढली आणि आई मारली गेली ती घरी परतल्यावर.

याफा पुढे पॅलेस्टाइनला आणि नंतर अमेरिकेला गेल्या, ब्रुकलिन कॉलेजात इतिहास शिकवू लागल्या. होलोकॉस्टचं स्मारक कसं असावं हे ठरवायला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आयोग नेमला होता. १९७९ साली त्या आयोगाबरोबर त्या पूर्व युरोपात फिरल्या. जिथे जाल तिथे मृत्यूचीच खूण. त्या प्रवासात त्यांनी मनाशी ठरवलं की माझ्या गावाचं स्मारक मी करेन आणि ते गाव जगत होतं तसं दाखवेन. मग पुढची कित्येक वर्षं देश पालथे घातले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या मृत आजीच्या कपाटात. एकेक फोटो, त्यातलं एकेक नाव, कोण कुणाचा कोण. सहा हजारांच्या आसपास फोटो जमले. त्यातले हजारावर १९९३ साली उघडलेल्या त्या मनोऱ्यात लागले. गावातली २९ माणसं युद्धातून वाचली असा त्यांचा हिशेब होता.

मी कुणाला न सांगता एक हिशेब मनात घालते. येगरच्या कागदावर एक ओळ. याफांच्या बाजूला सहा हजार फोटो, आणि प्रत्येकाच्या मागे कुणाचं तरी बिऱ्हाड. त्या बाईंनी काय केलं हे सांगायला माझ्याजवळ मोठे शब्द नाहीत. आमच्या धंद्यातला शब्द सांगते. त्यांनी एन्लार्जमेंट केली.

मागच्या मे महिन्यात अलिबागला गेले तेव्हा अप्पांना हे सगळं सांगितलं. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे. अप्पांचे डोळे अधू झालेत, पण फोटो दाखवला की अजून मान पुढे येते. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एयशिशोकचे बरेच फोटो बघायला मिळतात. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि एकेक मोठा करून दाखवत गेले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कामाचं बोलायला लागले. हा बाहेरचा उजेड आहे. ही मंडळी उन्हाकडे तोंड करून उभी केलीत म्हणून डोळे बारीक झालेत. ह्याला थोडं टचिंग केलंय बघ गालावर. एका फोटोत लहानगी याफा अंगणात कोंबड्यांना दाणे घालतेय. आजीनेच काढलेला. त्यावर अप्पा थांबले.

"हुशार बाई," ते म्हणाले. "पोराला हलू नको म्हटलं तर ते हलणारच. हिने कोंबड्यांत गुंतवलंन् तिला. गुंतलं की मूल आपलं आपण स्थिर होतं."

"ही मुलगी वाचली, अप्पा. हिनेच गोळा केले सगळे."

"आणि बाकीचे?"

मी सांगितलं. तारखांसकट सांगितलं. आमच्या आळीतल्या माणसांना त्यांनी एसटी स्टँडपर्यंत पोहोचवलेलं, हार घातलेले, डब्यात चिवडा दिलेला. काही जण इस्राएलमधल्या दिमोनाहून, अश्दोदहून मराठीत पत्रं पाठवत. ज्यू गाव सोडून जातात म्हणजे काय, याची अप्पांच्या मनात एकच रीत होती, आणि ती रडण्या-हसण्याची, पुन्हा येऊ म्हणण्याची होती. दोन्ही गोष्टी मी शेजारी ठेवत नाही, ठेवताच येणार नाहीत. पण अप्पा दुसरं काही मनात आणू शकत नव्हते हे मला दिसत होतं. त्यांनी पडद्यावरच्या एका ग्रुप फोटोवर बोट ठेवलं.

"मग हे न्यायला कोण आलं?"

"कुणी आलं नाही, अप्पा. ह्याच्या कॉप्या आधीच परदेशी गेलेल्या. पोस्टाने."

"म्हणजे बाहेरगावची कॉपी सांगितलेली होती," ते म्हणाले. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं. जरा वेळाने म्हणाले, "अगं, कपाटात खालच्या कप्प्यात आपला डबा आहे. काढ जरा."

कागद पिवळा पडून निम्मा निघालाय, 'न्यायचे' एवढंच वाचता येतं. आत फोटो एकमेकांना चिकटलेत. 'इ. आळी'चे चार निघाले. तीन एकेकट्या माणसांचे, पासपोर्टचे. चौथा ग्रुप आहे, अकरा माणसं, मागे कमानीचा पडदा. मधली आजी हसतेय, हे फार क्वचित होतं, त्या पिढीच्या बायका कॅमेऱ्यासमोर हसत नसत.

"मागे बघ काय लिहिलंय," अप्पा म्हणाले. "मला दिसायचं नाही आता."

मी खिडकीपाशी नेऊन वाचून दाखवलं. २० ऑगस्ट १९६४. तीन कॉप्या. दोन नेल्या.